भादव्यात येणारे पाय

आवणी, म्हणजे भाताची लावणी, आली की मी माणसांच्या पायांकडे बघायला लागते. तोंडाकडे नंतर. बाजारात कुणी भेटलं, हसून "काय बाई, बऱ्या ना?" म्हणालं, की माझी नजर आधी खाली घसरते आणि मग सावकाश वर चढते. त्यामुळे जव्हारात माझ्याविषयी दोन मतं आहेत. एक म्हणजे बाईंच्या मानेत काहीतरी भरलंय. दुसरं म्हणजे बाईंचा लोकांच्या चपलांवर डोळा आहे. मी दोन्ही मतांना खतपाणी घालते. परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या नवऱ्याच्या सँडलकडे मी इतका वेळ बघत राहिले, की शेवटी त्याने विचारलं, "घालून बघताय का?" मी म्हटलं, "नको, तळवा दाखव." तेव्हापासून तो मला पाहिलं की भाजीवाल्यांच्या मागून जातो.

पूर्वी अशा फजितीचा मला आठवडाभर आनंद पुरायचा. हल्ली घरी येईपर्यंतच पुरतो. दारात छत्री झटकताना तो पाण्याबरोबर गळून जातो आणि मागे नुसता थकवा राहतो.

या दिवसांत आमच्या पठारावर धुकं पाहुण्यासारखं येतं आणि जावयासारखं राहतं. आगपेटीतल्या काड्या मऊ पडतात. उशीला धुराचा वास लागतो, कारण धुतलेला अभ्रा चुलीवरच वाळवलेला असतो. शाळेत वर्ग निम्मा रिकामा असतो. गैरहजर मुलं कुठे आहेत असं विचारायची पद्धत नाही. उरलेली मुलं न विचारताच एका सुरात सांगतात, "आवणीला." मग मी बाकांना कविता शिकवते. खिडकीतून लांबवर खाचरं दिसतात आणि त्यांत वाकलेल्या बायांची रांग, पाठीवर बांधलेले निळे-पिवळे प्लास्टिकचे कागद. उपटून आणलेलं भाताचं रोप चिखलात पुन्हा लावायचं, आणि लावत लावत मागे सरकायचं. म्हणजे लावलेलं पायाखाली येत नाही. सगळ्या जगात माणसं पुढे चालत काम करतात, आमच्याकडे आवणी उलटी चालते. समोर हिरवं होत जातं आणि पाठीमागे काय आहे ते पायालाच कळतं.

तो पाय उघडा असतो. चपला बांधावर ठेवायच्या, हा आमच्याकडचा नियम आहे आणि त्याला दोन कारणं आहेत. एक देवाचं: भात म्हणजे लक्ष्मी, तिच्या अंगावर वहाण घालून कोण चढेल? दुसरं चिखलाचं: तो वहाण परत देत नाही. आमचा एक ठाण्याचा पाहुणा एकदा मोठ्या ऐटीत गमबूट घालून खाचरात उतरला होता. पाहुणा बाहेर आला, एक गमबूट आत राहिला. तो कापणीला सापडला. आत खेकड्याने संसार मांडला होता, आणि आम्ही त्याला बाहेर काढल्यावर त्याने नांगी उगारून आमच्याकडे असं पाहिलं, की खरं म्हणजे आम्हीच विचारून यायला हवं होतं.

माझं माहेर जामसरचं. आमच्या घरात आवणीचा राजा म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. एसटीत कंडक्टर होता. उभा जन्म उभ्याने काढला, असं तो म्हणायचा. जव्हार डेपोतून निघायचं, मोखाड्यावरून नाशिक गाठायचं आणि परत फिरायचं. प्रत्येक थांब्यावर ओळखीची टपरी आणि प्रत्येक टपरीवर त्याच्यासाठी वेगळा चहा, चमचा उभा राहील इतका गोड. कुणी साखर कमी घातली तर त्याला तो अपमान वाटायचा. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्याच्या पायांना मुंग्या यायच्या. पुढे मुंग्याही येईनाशा झाल्या. तो म्हणायचा, बसच्या पत्र्यावर इतकी वर्षं उभं राहिल्यावर पायाचाही पत्रा होणारच. आम्ही ते मान्य केलं. आमच्या घरात छान वाक्य सापडलं की पुढे चौकशी होत नाही. रक्तात साखर आहे हे त्याला डेपोच्या तपासणीत कळलं होतं. गोळ्या मिळाल्या होत्या. त्या गोळ्या तो औषधासारख्या नव्हे, पाहुण्याने आणलेल्या पेढ्यांसारख्या खायचा. आठवण झाली की एक.

मी आता ज्या आवणीबद्दल सांगतेय ती त्याच्या निवृत्तीनंतरची पहिली. आता रजा मागायला नको, साहेबाचं तोंड बघायला नको. दादा नव्या नवरदेवासारखा शेतात उतरला. चिखलणीला बैलांमागे तो, बांध घालायला तो, रोपांच्या जुड्या फेकायला तो. वहिनी म्हणाली, अहो, माणसं लावलीत ना. दादाचं उत्तर ठरलेलं होतं. "माझ्यावाचून आवणी कशी व्हायची?"

आमच्याकडे लावणीच्या शेवटच्या खाचरात मालकाचे पाय बांधतात. बाया हळूच मागून येतात, रोपांचा पीळ करून मालकाच्या घोट्यांना गुंडाळतात, आणि तो काहीतरी कबूल केल्याशिवाय सोडत नाहीत. कुणी गूळखोबरं कबूल करतो, कुणी कोंबडी. दादाकडून त्यांना बस हवी असायची. म्हणजे त्याने तिथेच, पाय बांधलेल्या अवस्थेत, चिखलात आख्खी एसटी उभी करायची. तोंडाने घंटी, तोंडाने इंजिन, "पुढे सरका, मावशी, आत जागा आहे, कोंबडीचं तिकीट लागेल," आणि गुडघाभर चिखलातल्या सगळ्या बाया प्रवासी. शाळेत मी पुष्कळ नाटकं बसवली, पण इतकं चांगलं नाटक मला कधी जमलं नाही.

बांधायला दरसाल मंगळीमावशी असायची. तिच्या पाड्यावरच्या बाया ती घेऊन येते, रांगेचं तोंड तीच धरते, गाणं तीच उचलते. त्या वर्षी ती खाली वाकली, पीळ गुंडाळता गुंडाळता थांबली, आणि दादाचा डावा पाय तिने गाईचा खूर उचलावा तसा उचलला. दादा माझ्या खांद्याला धरून एका पायावर उभा राहिला.

"भाऊ, काटा आहा," ती म्हणाली.

करवंदीचा काटा होता. बांधाच्या कुंपणातला, बोटभर लांब. अंगठ्याच्या खाली पूर्ण आत गेलेला आणि वर कातडी बसायला लागलेली. म्हणजे तो त्या दिवसाचा नव्हता. मावशीने लुगड्याला लावलेली पिन काढली, उकरलं, नखांत धरून ओढला. मागोमाग काळसर काहीतरी आलं. आम्ही सगळे डोळे बारीक करून, दात दाबून बघत होतो. आणि दादा इकडे घंटी वाजवत होता. तोंडाने. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. बाया बघतच राहिल्या. कुणीतरी म्हणालं, भाऊचा पाय लोखंडाचा आहे. दादाने छाती काढली. म्हणाला, "एसटीचा आहे."

आणि सगळ्या खाचराने टाळ्या वाजवल्या.

मी त्या टाळ्यांचा पुष्कळ विचार केलाय. चिखलाच्या हातांच्या टाळ्या वाजत नाहीत, थपथपतात. ज्याचं दुखलं पाहिजे ते दुखत नव्हतं, आणि आमच्यापैकी एकालाही त्याची भीती वाटली नाही. वाटणार कशी? आमच्याकडे दुखणं हीच तक्रार असते. दुखत नाही म्हणजे देवाची कृपा. पोट दुखतं, कंबर दुखते, दात दुखतो म्हणून माणसं डॉक्टरकडे जातात. काहीच दुखत नाही म्हणून दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसलेला माणूस आमच्या तालुक्यात मी अजून पाहिलेला नाही.

जखमेत हळद भरली आणि पुढल्या दिवशी दादा पुन्हा चिखलात. भाताची आवणी उरकली, पण उतारावरची नागली, म्हणजे नाचणी, लावायची होती.

मग घरात उंदीर मेला.

निदान वहिनीला तसं वाटलं. वास येत होता. आवणीच्या दिवसांत घरात इतके वास एकमेकांत कालवलेले असतात, ओल्या घोंगडीचा, शेणाचा, धुराचा, पण हा वेगळा होता, गोडसर. मी शनिवारी दुपारी माहेरी पोचले तर घर उलटंपालटं झालेलं. मला असली कामं फार आवडतात. मी पदर खोचला आणि मोहिमेची सूत्रं हातात घेतली. कणग्या हलवल्या. माळ्यावर चढले. चुलीमागे कंदील धरून बसले. उंदराला उद्देशून एक भाषण केलं, त्यावर वहिनी खूप दिवसांनी हसली. दादा ओटीवर पाय लांब करून बसला होता आणि तिथून हुकूम सोडत होता. तिकडे बघा, पिंपाखाली बघा, एवढी माणसं, एक उंदीर शोधून काढता येत नाही तुम्हांला. आम्ही स्वयंपाकघरात शोधलं की वास कमी यायचा. ओटीवर आलं की वाढायचा. मी दादाच्या खाटेखाली वाकले. खाली काहीच नव्हतं. मान वर केली तर त्याचा पाय माझ्या तोंडासमोर होता, फडक्यात गुंडाळलेला, आणि फडक्यावर माशा.

त्यानंतर मी उंदराच्या कुठल्याही विनोदाला हसलेले नाही.

जव्हारच्या डॉक्टरांनी पाय पाहिला आणि आजच्या आज नाशिक म्हणाले. नाशिकच्या शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन बोटं काढू, इथे राहावं लागेल, पाय वाचेल. दादाने त्यांच्याशी सुट्ट्या पैशांवरून घालतात तशी हुज्जत घातली. दोन कशाला, एकात भागवा. नाही? बरं, मग नंतर. डॉक्टर म्हणाले, नंतर म्हणजे कधी?

"आवणी झाली की," दादा म्हणाला.

हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की आता ते मला आमच्या भागाचं पंचांगच वाटतं. आवणी झाली की. कापणी झाली की. झोडणी झाली की. होळी होऊन जाऊ दे. मग रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचे राब भाजायचे, मग पुन्हा आवणी. आजाराला यात जागा नाही असं नाही. त्याला रांगेत उभं करतात. आणि हा एक आजार असा सोशिक, की तो कुरकुर न करता उभाही राहतो. तापासारखा फणफणत नाही. आत बसून आपलं काम करत राहतो.

मी रडून पाहिलं. मला रडण्याचं काम उत्तम येतं, पण दादाने मला लहानपणापासून पाहिलेलं आहे, त्याच्यावर परिणाम होत नाही. वहिनी रडली नाही. ती म्हणाली, नागली मी लावते, मंगळीमावशी आहे, तुम्ही पडा तिथे दवाखान्यात. तो पुन्हा तेच म्हणाला. त्याच्यावाचून कशी व्हायची? गोळ्यांची पिशवी घेऊन तो घरी आला, पायावर प्लास्टिकची पिशवी चढवली, वर सुतळी बांधली, आणि उतारावर गेला.

भादव्यात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापला.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर वाईट नव्हते. थकलेले होते. बाहेर येऊन मला म्हणाले, "तुम्ही जव्हारचे की मोखाड्याचे? तुमच्याकडचे पाय आमच्याकडे भादव्यात येतात." भाजी कुठून कधी येते हे सांगावं, तसं म्हणाले.   

पुढे एकदा मुंबईकडून एक तरुण डॉक्टरीण आमच्या तालुक्यांत आली होती. तिला जाणून घ्यायचं होतं की साखरेपायी आमच्या भागात किती जणांचे पाय गेले. लोकवस्तीच्या मानाने किती, वाढताहेत की कमी होताहेत. अशा वेळी सोबत द्यायला शिक्षकांइतकं स्वस्त माणूस मिळत नाही. मी गेले तिच्याबरोबर. सूर्यमाळकडचे पाडे लांब लांब, चढ चढून पोरीला धाप लागली. एका ओट्यावर एक म्हातारा बसला होता, एक पाय पुढे आणि दुसऱ्या जागी दुमडलेलं धोतर. तिने नमस्कार करून विचारलं. म्हातारा म्हणाला, साप चावला.

मला राहवलं नाही. मी विचारलं, कुठला साप?

"काळा होता."

"विष उतरलं?"

"उतरलं. पाय घेऊन उतरलं."

आतून म्हातारीचा आवाज आला, "त्या सापाला रोज पोटात सुई टोचाय लागतंय."

आम्ही तिघं हसलो. म्हाताराही हसला, उशिरा, तोंड फिरवून. आमच्या पट्ट्यात सापांची अशी फार बदनामी झालेली आहे. जो पाय सापाने नेला नाही तो झाडाने नेला, झाडाने नाही तर देवीने. साखर हा बसून खाणाऱ्यांचा रोग, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. ज्याने जन्मभर बैलामागे पाय झिजवले, त्याने तो आपल्याला झाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? दादाने तर घाटातल्या अपघाताची गोष्ट रचली होती. ब्रेक निकामी, दरी समोर, आणि दादा दारात पाय अडकवून प्रवाशांना बाहेर ढकलतोय. ती तो इतकी रंगवून सांगायचा, की बाजारात मला दोन माणसं भेटली ज्यांनी शपथेवर सांगितलं, त्या बसमध्ये आम्ही होतो, तुमच्या भावामुळे वाचलो.

परतताना मी डॉक्टरिणीला म्हटलं, मुली, तुझं अवघड आहे. आमचे पाय इथे जातात पण इथे कापत नाहीत. ते नाशिकला कापतात, ठाण्याला कापतात, सिल्वासाला कापतात. तिकडचं कुणी मोजत असेल तर ते त्या शहरांच्या खात्यात जमा. इथे उरतो तो माणूस, आणि तो म्हणतो साप. बाजारात येईनासा झालेला माणूस कुणाला मोजता येतो? तो दिसतच नाही. आपल्याला एवढंच जाणवतं की आताशा मंगळवारी अमका भेटत नाही. ती म्हणाली, तरी मोजलं पाहिजे. मी म्हटलं, मोज बाई. मला खरंच वाटत होतं की तिने मोजावं. पण चढ उतरताना माझे गुडघे दुखत होते, आणि दुखताहेत याचा मला आनंद होत होता.

कारण आता साखर माझ्याही रक्तात आहे. आमच्या घरात दागिने वाटून झाले, जमीन वाटून झाली, हे मात्र न मागता सगळ्यांना पुरलं. मी रोज सकाळी खिडकीशी बसून तळव्याखाली आरसा धरते. आरशाचा हा उपयोग मला कुणी तरुणपणी सांगितला असता तर मी त्याच्यावर एकांकिका लिहिली असती. आता लिहीत नाही. बोटांच्या बेचक्या पुसते, भेगा चाचपते, मोजे चढवते. वर्गात मुलं अनवाणी येतात त्यांना ओरडते. लग्नात अक्षता टाकताना मांडवातले पाय बघते. रोज सकाळ. सुट्टी नाही. जखम बघण्यापेक्षा जखम नाही ना हे बघण्याचाच मला जास्त शीण होतो.

आणि एक गोष्ट या बघण्यातून माझ्या लक्षात आली. जन्मभर आपण मोठ्यांच्या पाया पडतो. दिवाळीला, परीक्षेला जाताना, लग्नात, प्रवासाला निघताना. दादाच्या पाया मी किती वेळा पडले असेन. पावलावर डोकं ठेवलंय, बोटांना हात लावून तो कपाळाला लावलाय. पण पायाची ती वरची बाजू. खालची बाजू मी कधी पाहिली नव्हती. मोठ्या माणसाचा तळवा बघायची रीतच नाही. ज्याच्या पाया पडायचं त्याला "पाय उलटा कर" कसं म्हणायचं?

दादाचा उजवा पाय आहे. डाव्या जागी गुडघ्याखाली कृत्रिम पाय बसवलाय, त्यावर तो चालतो, पण सगळा भार उजव्यावर. डॉक्टरांनी बजावलंय, एक गेला की दुसऱ्याची पाळी येते, तो सांभाळा. वहिनी सांभाळते. दादा सांभाळू देत नाही. पाय दाखवा म्हटलं की तो अपघाताची गोष्ट सुरू करतो. दरवर्षी आवणी आली की वहिनीचा आणि माझा जीव त्या एका पायात गोळा होतो, कारण दादा खाचरात उतरत नसला तरी बांधावर जातो, काठी टेकत, निसरड्या वाटेने, अनवाणी. लक्ष्मीच्या शेताच्या कडेला चपला कशा घालायच्या?

या वर्षी आमच्या मोठ्या खाचराची आवणी ठरली त्या सकाळी मी शाळेत होते. मधल्या सुट्टीच्या आधी फोन आला. दादा कधी फोन करत नाही, तो वहिनीला करायला लावतो आणि मागून ओरडतो. हा त्याचाच आवाज होता, आणि लहान होता.

"बाय, येतेस का? पाय बघायचाय."

मी पोचले तेव्हा वहिनी शेतात भाकऱ्या घेऊन गेली होती. तो ओटीवर एकटा होता. पाय धुऊन, पुसून, एका पाटावर ठेवला होता. देवाला काहीतरी मांडून ठेवावं तसा. मी समोर बसले आणि माझ्या थोरल्या भावाचा तळवा मांडीवर घेतला. त्याने मान वळवली आणि छपरातून गळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिला. म्हणाला, "काय दिसतंय?"

करंगळीच्या मुळाशी एक फोड होता, रबरी चपलेच्या पट्ट्याने घासलेला, फुटायच्या बेतात, आणि भोवती लालसर कडं. मी त्यावर विनोद केला नाही. जसं दिसलं तसं सांगितलं.

"चल मग," तो म्हणाला.

मी म्हटलं, आज? बाया शेतात आहेत. मोठं खाचर आहे. त्याने काठी घेतली. मी मोजा चढवला, चप्पल सरळ केली, त्याने घालून घेतली. रस्त्यावर जायला खाचराच्या कडेनेच जावं लागतं. बायांची रांग वाकलेली होती. मंगळीमावशीने मान वर केली आणि हाक मारली, भाऊ, आज आपल्याच आवणीला पाठ फिरवून कुठं निघाला? दादा थांबला. मला वाटलं आता बस येणार, दरी येणार, ब्रेक निकामी होणार. सगळ्या बाया तेवढ्यासाठीच कंबर सरळ करून उभ्या राहिल्या होत्या.

"पाय दाखवायला," दादा म्हणाला. "तो एक साखरेने नेलाय. हा न्यायच्या आधी दाखवतो."

कुणी हसलं नाही. मावशी म्हणाली, "जा. आम्ही हाव."

जव्हारच्या दवाखान्यात फोड साफ केला, पट्टी बांधली, गोळ्या बदलल्या. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, वाचेल, पण हा पाय आता जमिनीला लावायचा नाही, सांगेपर्यंत. संपूर्ण आवणी घरात. मी दादाकडे बघितलं नाही. त्याने मान डोलावल्याचं मला भिंतीवरच्या त्याच्या सावलीवरून कळलं.

चार वाजून गेल्यावर रिक्षाने परत आलो. धुकं जरा वर उठलं होतं. रिक्षावाल्याने आणि मी मिळून त्याला ओटीवर बसवलं, पाय उशीवर ठेवला. तिथून मोठं खाचर पूर्ण दिसतं. ते लावून झालं होतं. या बांधापासून त्या बांधापर्यंत, कुठे रांग तुटली नव्हती, कुठे जागा सुटली नव्हती. बाया ओहोळात हातपाय धुऊन निघाल्या होत्या आणि वहिनी उरलेल्या जुड्या पाण्यात ठेवत होती.

दादाने रांगा डोळ्यांनी मोजल्या. मग म्हणाला, "माझ्यावाचून झाली की गं."

मी म्हटलं, झाली, आणि चांगली झाली.

त्याने डाव्या बाजूचा पट्टा सोडवला, कृत्रिम पाय काढून भिंतीला टेकवून ठेवला, आणि गुडघा चोळत, त्या हिरव्या खाचराकडे बघत म्हणाला,

"म्हणजे तेव्हाही झाली असती."